डावखुरा बेस

१

हैदरच्या दुकानात नवी गिटार कधी येत नसे. नवी घेणारा पुण्याला जातो. बारामतीत भिगवण रस्त्याच्या आत पत्र्याचा गाळा, पुढे दुकान, मागे पडदा आणि पडद्यामागे घर. तिथे यायचे ते मोडके बेंजो, मुके झालेले कीबोर्ड, ऑर्केस्ट्राच्या गिटारी आणि अधूनमधून एखादा बेस. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. तो गाण्यात वेगळा ऐकू येत नाही, पण थांबला की गाण्याच्या पायातलं बळ जातं. हैदर गिऱ्हाइकाला एवढं सांगायचा आणि कानस हातात घ्यायचा. जास्त बोलायची त्याला सवय नव्हती.

धंद्याचा एक रिवाज होता. काढलेला जुना भाग कारागिराचा. गिऱ्हाईक तो मागत नसे. तो भाग भिंतीवरच्या खिळ्याला लागायचा आणि पुढे कुणाच्या तरी वाद्यात जायचा. एकाचा दांडा, दुसऱ्याची घोडी, तिसऱ्याच्या खुंट्या. अशा वाद्याला इकडे खिचडी म्हणतात. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत वाजणारे बहुतेक बेस खिचडी होते आणि त्यातले बरेचसे हैदरनेच रांधले होते. एखादा पुढ्यात ठेवला की कुठला तुकडा कुठल्या गिटारीचा, हे तो बोट फिरवून ओळखायचा.

मोरगावचा दत्तोबा दुपारी आला. त्याची बेंजो पार्टी होती. लग्नसराई नसली की तो शेरडं राखायचा.

"चाचा, ह्याला आवाज हाय, पर सुरात ऱ्हाईना."

"तू तरी कुठं ऱ्हातोस," हैदर म्हणाला आणि बेस मांडीवर घेतला.

खुंट्या चार. तीन गोल कानाच्या. चौथी चपटी, पितळेची, हाताने घडवलेली. हैदर त्या चौथीकडे बघत राहिला. ती त्याने स्वतः घडवली होती, ऐरण म्हणून दगडी पाट्याची पाठ वापरून. अशी दुसरी कुठेच नव्हती. ती त्याने आपल्या मुलाच्या बेसला लावली होती.

"ह्या कुठनं आल्या?"

"सुप्याच्या जत्रंत. आमची खुंटी घसरत हुती. एक पोरगं आलं, म्हणलं, मामा, तुमच्या मला द्या, माझ्या घ्या. जाग्यावर बदलून दिल्या. डाव्या हातानं पेचकस चालवत हुतं. जाताना म्हणलं, बाकीचं बारामतीत अब्बा करतील." दत्तोबा हसला. "म्हणलं, आता चाचाला समदी पोरं अब्बाच म्हणाय लागली."

"वय किती?"

"बाविसाच्या आतबाहीर."

न वापरलेलं पितळ काळं पडतं. ही खुंटी एका अंगाने लख्ख होती. उजव्या हाताचा माणूस जिथे बोट लावतच नाही, त्या अंगाने.

हैदरने दत्तोबाला दुसऱ्या खुंट्या लावून दिल्या. मजुरी घेतली नाही. दत्तोबा बेस उलटसुलट करून बघत गेला, यात काही घोटाळा तर नाही ना म्हणून.

२

हैदरचा मुलगा आफताब डावखुरा होता. डावखुऱ्याची गिटार वेगळी येते, पण ती आणायची कुठून. हैदरने सरळ गिटारच उलटी करून दिली होती. बॉडी कलकत्त्याची, हिरवी, खालून जुना निळा रंग डोकावणारी. दांडा कुठल्यातरी जपानी बेसचा, जाडजूड. तारा उलट्या क्रमाने. वरच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. तीही त्याने ईदच्या बोकडाच्या हाडातून उलट्या खाचांची कापली होती. लोक हसायचे. वाजायला लागला की गप्प बसायचे.

पंधरा वर्षांपूर्वी तो एका ऑर्केस्ट्राबरोबर सोलापूरकडे गेला. वाटेत गाडी चहाला थांबली. आफताब बेस घेऊन खाली उतरला आणि परत चढला नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांनी शोधलं, हैदरने शोधलं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

शमाने, त्याच्या आईने, फातेहा वाचू दिली नाही. जिवंत माणसाची वाचत नाहीत, एवढंच ती म्हणाली. ती मागच्या खोलीत गिटारीच्या खोळी शिवायची. पडद्यातून तिला दुकानातलं सगळं ऐकू येई.

आता ती बाहेर आली. तिने चपटी खुंटी मुठीत धरली.

"गरम हाय," ती म्हणाली.

"पत्र्याखाली समदंच गरम असतं."

"आफताबनंच दिली."

"आफताब आता सदतिसाचा असंल. दत्तोबानं बावीस सांगितलं. ह्यो दुसरा कुणीतरी हाय. वाद्य कुणीतरी मोडून इकलं असंल, तुकडे फिरत्यात. हितं न्हाय येणार तर कुठं येणार. सारा माल हितंच येतो."

हे त्याने शमाला सांगितलं आणि स्वतःलाही. म्हणणं चोख होतं. धंदाच तसा होता. मग त्याने खुंट्या खिळ्याला अडकवल्या.

आफताबची एक सवय होती. जाड तार लावण्याआधी तो तिचा सूर घशातून काढायचा, तोंड मिटून, लांब. मग तार पिळत त्या सुरापर्यंत आणायचा. हैदरला पंधरा वर्षांत दुसरं काही नको होतं. पोरगं दारात यावं, हेही मागायचं त्याने सोडलं होतं. तो सूर एकदा कानावर पडावा, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडून तो ऐकू आला.

हैदरने कानस खाली ठेवली. शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याचा फ्रीज असेल, म्हणून तो उठून बघायला गेला. कोल्ड्रिंकवाला दारात बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. सकाळपासून लाईट नव्हती.

३

पुढचा तुकडा ज्ञानेश घेऊन आला. तो एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशी वाजवायचा. मोटारसायकलवरून बेस पाठीला बांधून आला. गळ्यात अजून कारखान्याचं ओळखपत्र होतं.

"चाचा, बघा जरा. नवीन बॉडी मिळालीये, पण वाजवताना खाली ओढल्यासारखं होतं."

खोळ निघाली. हिरवा रंग, खाली निळा. हैदरने तळहात कडेवर फिरवला. वाजवताना कोपराखाली येणाऱ्या कडेचा रंग उडतो. इथे उलट्या बाजूची कड उघडी पडली होती. लाकूड घामाने काळवंडलेलं. हैदरने बोट लावलं. बोटाला ओल लागली.

"कुणी दिली?"

"कार्यक्रम होता माळेगावला. मांडवाच्या मागं एक जण उभा होता. माझी बॉडी तडकली होती ना, त्यानं ती बघितली आणि आपली पुढं केली. बोलला काहीच नाही. मी चार वेळा विचारलं, पैसे किती. नुसता हात हलवला. मुका असेल बिचारा."

"मुका न्हाय त्यो," पडद्याआडून शमा म्हणाली.

ज्ञानेशने पडद्याकडे पाहिलं. हैदरने त्याच्यासमोर भिंतीवरची दुसरी बॉडी धरली, त्याच्या जुन्यापेक्षा चांगली. ज्ञानेश खूश झाला.

हिरवी बॉडी हैदरने कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीवर ठेवली. गिऱ्हाइकाची खुर्ची ती. संध्याकाळी त्याला दिसलं की खुर्चीचा वेत मधोमध खोल गेलाय. लाकडाच्या एवढ्याशा तुकड्याने वेत वाकत नाही. जुना झालाय, तो मनाशी म्हणाला. बॉडी उचलून बघावी, असं त्याच्या मनात आलं. त्याने उचलली नाही.

शमाने शिवणाचं मशीन पडद्याच्या अलीकडे आणलं. ती एक नवी खोळ शिवायला बसली. माप तिने कुणाला विचारलं नाही.

४

राजलक्ष्मी इंदापूरच्या ऑर्केस्ट्राची मालकीण. गायचीही तीच. दुकानात आली की पहिल्यांदा पंख्याखालची जागा धरायची.

"हैदरभाई, तुमचा पंखा माझ्या ढोलकीवाल्यासारखा हाय. फिरतोय, पर उपेग न्हाय."

"बसा."

"बसते. हे बघा. माझ्या बेसवाल्याचा अंगठा सुजलाय. दांडा बदलून घेतला तवापास्नं."

हैदरने दांडा पाठीमागून पाहिला. अंगठा टेकतो तिथे लाकूड झिजून खळगा पडतो. आफताब गेला तेव्हा तिथे नुसती चमक होती. आता अर्धा अंगठा आत जाईल एवढा खळगा होता, डावखुऱ्याच्या बाजूला. रोज वाजवल्याशिवाय असा पडत नाही. वर्षानुवर्षं, न चुकता.

हैदरने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो तिथेच राहिला.

"कुणी दिला, राजलक्ष्मीबाई?"

"आता तुमी हसाल. स्टेजच्या मागच्या पडद्यातनं हात आला. बाही आणि हात. हातात दांडा. मी म्हणलं, भाऊ, बाहीर या, च्या घ्या. तर हातानंच न्हाय-न्हाय. लाजाळू असंल म्हणून मी पडदा बाजूला केला." तिने पदराने गळा पुसला. "मागं भिंत हुती. पडदा भिंतीला चिकटून बांधलेला. माणूस मावंल एवढी जागाच न्हाय. मी कुणाला बोलले न्हाय. पोरं कामाला यायची न्हाईत."

मशीनचा आवाज थांबला होता.

"दुसरा दांडा लावून देतो," हैदर म्हणाला.

"आणि ह्यो?"

"ह्यो हितं ऱ्हाऊ दे."

५

त्याने दांडा बॉडीला जोडला. चार स्क्रू. खुंट्या चढवल्या. गळ्यात घालायचा पट्टा जुना होता, तोच लावला. बेस खुर्चीवर ठेवला. आता फक्त हाडाची पट्टी नव्हती. तिच्याशिवाय तारा चढवता येत नाहीत, म्हणजे वाद्य अजून मुकंच.

तरी सूर येत होता. दुपारी, रस्ता सुस्त झाला की. हैदर खुर्चीकडे पाठ करून काम करी. समोर बघून काम करणं त्याला जमेना. पाठीमागे वेत करकरे. खुर्चीत बसलेला माणूस पाय बदलतो, तसं.

एकदा कानस हातातून पडली. ती उचलताना नजर वळली. पट्टा खुर्चीच्या पाठीला टेकलेला नव्हता. तो वीतभर पुढे, हवेत, ताणलेला होता. खांद्यावरून यावा तसा गोल वळण घेऊन खाली गेलेला. त्या वळणात काही नव्हतं.

हैदर वाकलेलाच राहिला.

"आफताब," तो म्हणाला.

सूर चालू राहिला.

"जेवलास का?"

सूर तसाच. वर नाही, खाली नाही. ज्याला कुणी हाक मारली आहे त्याचा सूर थोडा तरी हलतो. हा हलला नाही.

शमा मात्र बदलली होती. तिने केस नीट बांधायला सुरुवात केली. खुर्चीजवळून जाताना ती जरा वळसा घालून जाई, कुणाचे पाय लांब केलेले असावेत तशी.

"येतोय," ती म्हणाली. "हळूहळू येतोय. एवढं दिस लागले, आता थोडं ऱ्हायलं."

हैदर रात्री पडल्या पडल्या मोजत राहिला. दत्तोबाला पोरगं पुरतं दिसलं होतं. हसलं होतं, बोललं होतं. खुंट्या इथे आल्या, मग ज्ञानेशला दिसला तो बोलत नव्हता. बॉडी इथे आली, मग राजलक्ष्मीला नुसता हात दिसला. हे त्याने आधी जुळवून पाहिलं नव्हतं, कारण प्रत्येक तुकड्याचा त्याला आनंद झाला होता.

तिकडे तो कमी होत होता. आणि इथे भरत नव्हता. इथे एक सूर, एक पट्टा, एक दबलेली खुर्ची.

आयुष्यभर त्याने एका वाद्याचा तुकडा दुसऱ्यात घालून दोन्ही वाजती ठेवली. मोडकं वाद्य तुकड्यातुकड्याने गावोगाव वाजत राहतं, हे त्याला माहीत होतं. ते परत गोळा करून एका जागी ठेवायचं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. पहिल्यांदा आलं ते ह्याच बेसच्या वेळी.

६

बावड्याचा विजयसिंह कारखान्याला ऊस घालून परस्पर आला. पंचविशीतला गडी. कपड्यांना अजून पाचटाचा वास.

"चाचा, सगळ्यात जाड तार खाचंत बसंना आणि बारीक तार खडखडतीया. पट्टी उलटी हाय वाटतं."

हैदरला बघायची गरज नव्हती. तरी त्याने पाहिलं. पिवळसर हाड, त्याच्या कानशीचे ओरखडे, उलट्या खाचा.

"कुणी दिली, हे सांग."

विजयसिंह जरा खाली बघून बोलला. "कार्यक्रम संपला हुता. लाईट काढली हुती. माझी पट्टी फुटली म्हणून मी चाचपडत हुतो. कुणीतरी हातावर ठिवली. बोटं लागली, चाचा. शेंड्याला घट्टे, वाजवणाऱ्याला असत्यात तसले. मी हात धराय गेलो." त्याने आपली बोटं शर्टाला पुसली. "हात न्हवता. नुसती बोटंच."

शमा पडदा सारून पुढे आली. तिच्या हातात शिवून झालेली खोळ होती.

"काढा ती," ती म्हणाली. "पोराला दुसरी लावून द्या आणि ती काढा."

"शमा."

"एवढंच ऱ्हायलंय. काढा म्हणते मी."

"काढली तर तिकडं काय उरंल?"

"तिकडं कशाला पायजे? तिकडं कोण हाय त्याचं? हितं आई हाय."

विजयसिंह एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. हैदरने बेस पुढ्यात ओढला. पक्कड उचलली. पक्कड पट्टीवर नेली आणि तशीच धरली. एक हिसका, की झालं. तारा चढतील. तो सूर तारेतून निघेल. मान वर करून बघितलं तर कदाचित खुर्चीत चेहराही असेल. चेहरा आठवायला हल्ली त्याला फोटो लागायचा.

त्याने पक्कड ठेवली. बारीक कानस घेतली. पट्टी जागेवरच ठेवून जाड तारेची खाच रुंद केली. बारीक तारेच्या खाचेत हाडाचा भुगा आणि गोंद भरला, वाळू दिला, नव्याने खाच पाडली. शमा सगळा वेळ उभी होती.

"घे," तो विजयसिंहला म्हणाला. "ही पट्टी कधी काढायची न्हाय. फुटली तरी चिकटवून वापर. आणि वाजवत जा. नुसता टांगून ठिवू नगं."

विजयसिंह गेला. हैदर पेचकस घेऊन खुर्चीपाशी गेला.

"हात लावू नका," शमा म्हणाली. आवाज न चढवता.

त्याने बेस धरला आणि उचलला. तो उठला नाही.

तारा नसलेला बेस किती जड असतो ते हैदरला माहीत होतं. हा त्याहून जड नव्हता. तो कुणीतरी धरलेला होता. छातीशी, दोन्ही हातांनी. हैदरने डोळे जमिनीवर ठेवले. त्याच्या नजरेच्या कडेला, दांड्याच्या पाठीमागच्या खळग्यात काहीतरी होतं, अंगठ्याएवढं. तो बघायला वळला नाही. झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढावं, तसं त्याने एकेक बोट चाचपून सोडवलं. शेवटचं सुटताना सूर थांबला.

मग चार स्क्रू काढायला वेळ लागला नाही.

७

खुंट्या दत्तोबाकडे परत गेल्या. बॉडी ज्ञानेशला बोलावून दिली. राजलक्ष्मीला दांडा नको होता. हैदरने त्याचा खळगा उजव्या हाताला सोसेल एवढा घासून दिला, वर तिच्या पेटीचा भाता फुकट करून दिला, तेव्हा तिने घेतला. रिवाज मोडला म्हणून गिऱ्हाइकं मागे बोलली. म्हातारा बदलला, म्हणाली.

शमा त्याच्याशी बोलायची बंद झाली. खोळ तिने उशाला घेतली.

खुर्चीचा वेत वर आला नाही, पण करकर थांबली. दुपारी शेजारच्या फ्रीजचा आवाज यायचा. तो फ्रीजचाच होता, हैदर उठून बघून आला होता. त्या शांततेत काम करणं त्याला आधीपेक्षा अवघड जाऊ लागलं.

थंडी सुरू झाल्यावर दत्तोबाचा फोन आला.

"चाचा, खुंट्यावालं ते पोरगं भेटलं बघा परत. मोरगावला स्टँडवर हाय मी, हितंच उभं हाय."

हैदरने फोन दुसऱ्या कानाला घेतला. "किती दिसतोय?"

"आँ? किती म्हंजी?"

"चेहरा हाय का?"

"आसं काय इचारता. हाय की. जरा वाळलाय. हसतोय माझ्याकडं बघून."

मागून आवाज आला. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता, स्टँडवर एवढा गलका. "मामा, कुणाशी बोलताय?"

शब्द. पंधरा वर्षांनी शब्द. हैदर भिंतीला टेकला. पडदा हलला आणि शमा येऊन उभी राहिली. तिने फोनच्या मागच्या बाजूला कान लावला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"चाचा, ह्यो इचारतोय, बारामतीला कुठली गाडी. तुमच्याकडं यायचं म्हणतोय. सांगू का?"

शमाने त्याचं मनगट धरलं.

"नगं सांगू," हैदर म्हणाला.

"नगं?"

"त्याला म्हणावं, हितं दुकान बंद झालं. म्हणावं, वाजव." त्याने फोन कानाशी दाबला. "दत्तोबा, फोन ठिवू नगं. तुझी शेरडं कशी हायत?"

"शेरडं व्हय?" दत्तोबा चक्रावला, पण शेरडांबद्दल कुणी विचारलं की त्याला राहवत नसे. "दोन व्यालीत. एकीला जुळं झालं." त्याच्या बोलण्यामागे, गलक्यामागे, कुणीतरी तोंड मिटून लांब सूर धरला होता. मधेच तोडून ते पोरगं दत्तोबाला काहीतरी म्हणालं आणि हसलं. शमाची बोटं हैदरच्या मनगटात रुतली. तिचे डोळे मिटले होते.

"यस्टी आली बघा," दत्तोबा म्हणाला.

इंजिन मोठं झालं. माणसांचा लोंढा, दार, कंडक्टरची घंटी. मग इंजिन लांब गेलं.

"दत्तोबा, हाय का अजून तिथं?"

"त्यो व्हय? हाय. गाडी गेली तिकडं बघत उभाय."

हैदरने श्वास सोडला. "दुसरी कधी हाय?"

"तासाभरानं."

"मग बोल," हैदर म्हणाला. "जुळ्याचं सांगत हुतास."